जुनी बेस गिटार: घेताना, बदलताना, विकताना

मांजलपूरहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवण्यासाठी तुम्हाला फेंडर कंपनीच्या ‘जॅझ बेस’ या मॉडेलच्या धर्तीचा, चार तारांचा एक जुना बेस २८,००० रुपयांना मिळतो आहे. आधीच्या मालकाने त्यात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप, म्हणजे आवाज घडवणारे छोटे सर्किट, बसवून घेतला आहे. तुम्ही त्यात नवे पिकअप (तारांचे कंपन पकडणारे चुंबकीय भाग) आणि जड पितळी ब्रिज (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग) बसवणार, नवरात्रभर तो वाजवणार आणि नंतर चढ्या भावाने विकणार, असा तुमचा बेत आहे. हा बेत जमेल का, आणि बेस पाहायला जाताना नेमके काय तपासावे, हे तुम्हाला हवे आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी २२ वर्षे बेस आणि गिटार दुरुस्त करत आलो आहे आणि त्याहून थोडी अधिक वर्षे वाजवत आलो आहे, त्यामुळे जे हाताखालून गेले आहे तेवढेच सांगतो.

बेताचा पहिला भाग चांगला आहे, दुसरा नाही. बेस जरूर घ्या, पण त्याची नेक, म्हणजे हातात धरायची लांब मान, चांगली असेल तरच घ्या. त्यात बदल करायचे असतील तर ते स्वतःच्या वाजवण्यासाठी करा, त्या बदलांचे पैसे विक्रीत परत येतील अशी अपेक्षा ठेवू नका. आणि जो बदल पुन्हा मूळपदावर आणता येत नाही, तो दुसऱ्याला विकायच्या वाद्यावर करूच नका.

नेकवर मी एवढा भर का देतो ते आधी सांगतो. पिकअप, ब्रिज, खुंट्या, पॉट (बटणांखालचे भाग), जॅक (केबल लावायची जागा) हे सगळे भाग स्क्रूने किंवा सोल्डरने बसवलेले असतात; ते बिघडले तर बदलता येतात आणि आजकाल कुरियरने तीन-चार दिवसांत बडोद्यात येऊन पोहोचतात. नेक मात्र लाकडाची असते, आणि तिच्यावर सतत ओढ असते. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणि १९६० मध्ये जॅझ बेस बाजारात आणला, तेव्हापासून बहुतेक बेसची मोकळ्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर, अशीच चालत आली आहे. नेहमीच्या जाडीच्या चार तारा सुरात लावल्या की त्यांची एकत्रित ओढ जवळपास ८० किलोची होते. जॅझ बेसची नेक नटजवळ, म्हणजे डोक्याकडे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, जेमतेम ३८ मिलिमीटर रुंद असते. एवढ्या सडपातळ लाकडाने एवढी ओढ रात्रंदिवस, वर्षानुवर्षे सहन करायची असते, आणि त्यातही आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंशांचे ऊन आणि जुलैत भिंतींना ओल. जी नेक हे सोसून सरळ राहिली आहे, तिचे मोल बाकी साऱ्या भागांपेक्षा जास्त आहे.

तपासायची पद्धत अशी. बेस सुरात लावलेला असताना त्याचे बूड छातीशी धरा आणि एक डोळा मिटून, बॉडीच्या बाजूने डोक्याकडे (खुंट्या असतात त्या टोकाकडे), फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटे दाबायच्या पट्टीच्या, दोन्ही कडांवरून नजर टाका. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या दिसल्या तर काळजी नाही, कारण तसा बाक ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या आवळता-सैल करता येणाऱ्या धातूच्या दांडीने, घालवता येतो. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली, तर नेकला पीळ आहे. पिळलेली नेक ट्रस रॉडने सुधारत नाही. असा बेस कितीही स्वस्त असला तरी नमस्कार करून उठावे. त्यानंतर जाड तार डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर (फिंगरबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आणि उजव्या हाताने नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा. ताणलेली तार म्हणजे घरबसल्या मिळालेली सरळ पट्टी असते. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्याशी आणि तारेशी जी फट दिसेल ती साधारण ०.३ मिलिमीटरची, म्हणजे एखादे व्हिजिटिंग कार्ड अडकत अडकत सरकेल एवढी असावी. फट याहून बरीच मोठी असेल तर नेक पुढे वाकली आहे. फट अजिबात नसेल तर ती मागे गेली आहे आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खरखरतील.

फट चुकीची असणे हा दोष नव्हे, ती दुरुस्त न होणे हा दोष आहे. म्हणून मालकाची परवानगी घेऊन, त्याच्या समोरच, ट्रस रॉड पाव फेरा फिरवून पाहावा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की रॉड आवळला जातो आणि फट कमी होते. किल्ली अगदी बरोबर मापाची हवी. पुष्कळ बेसना ३/१६ इंचाची, म्हणजे ४.७६ मिलिमीटरची अॅलन किल्ली लागते. तिथे ५ मिलिमीटरची किल्ली आत जात नाही आणि साडेचारची जाऊन आतले कोपरे गोल करून टाकते. काही बेसना मात्र मिलिमीटरच्याच किल्ल्या लागतात. माझ्याकडे येणाऱ्या खराब झालेल्या ट्रस रॉडपैकी बहुतेक अशाच चुकीच्या किल्लीचे बळी असतात. पाव फेऱ्यात तारांची उंची किंचित बदलली तर रॉड जिवंत आहे. रॉडच्या टोकाचा नट आधीच गच्च आवळलेला असेल आणि तरीही नेक पुढेच वाकलेली असेल, तर रॉडची मजल संपली आहे. काही जुन्या पद्धतीच्या नेकमध्ये रॉडचा हा नट काढून खाली एखादा वायसर टाकला की थोडी मजल पुन्हा मिळते, पण तो प्रयोग दुसऱ्याच्या घरात उभ्या उभ्या करायचा नसतो. मालक परवानगी देत नसेल तर त्याचा राग मानू नका, पण किमतीत तो धोका धरा.

आता आपल्या शहरापुरती एक विशेष गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा माणसांनी आधी माणसे आणि कागदपत्रे वर नेली, वाद्ये खालीच राहिली. ती वाद्ये आज बाजारात फिरत आहेत. काही तर दोन-तीन हात बदलून आली आहेत, आणि विकणाऱ्यालाही त्यांचा इतिहास माहीत नसतो. मागच्या वर्षी कारेलीबागेतून एक निळा बेस माझ्याकडे सेटअपसाठी, म्हणजे नेक आणि तारांची जुळवणी करायला, आला. वरून चकचकीत, तारा नव्या, पॉलिश केलेला. मागचे झाकण उघडले तर पोकळीच्या आतल्या भिंतीवर, तळापासून साधारण बोटभर उंचीवर, करड्या गाळाची एक बारीक सरळ रेघ होती. चहाचा कप तसाच राहिला की आत जशी रेघ उमटते तशी. तारेच्या एका टाक्यावर हिरवट बुरा चढला होता, आणि झाकणाच्या चारही स्क्रूंच्या खाचांत तपकिरी गंज. नेकच्या बुडाशी चार स्क्रू काढून पाहिले, तर खोबणीतले लाकूड काळपट पडले होते. विकत घेणाऱ्या मुलाने तो तीन महिन्यांपूर्वी पूर्ण भावाने घेतला होता. म्हणून तुम्ही जो बेस पाहायला जाणार आहात, त्याचे मागचे झाकण उघडून पाहण्याचा आग्रह धरा. एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो. आत गाळाची रेघ, गंज किंवा कोंदट वास असेल, आणि केसच्या अस्तरावर पाण्याचे डाग असतील, तर तो बेस घेऊ नका, कारण ट्रस रॉड आतून किती गंजला आहे हे बाहेरून कळत नाही.

फ्रेटविषयी थोडे. नव्या गोल गुंडाळीच्या तारा स्टीलच्या असतात आणि त्या फ्रेटमध्ये घळी पाडतात. पहिल्या पाच-सात फ्रेटवर नखाने चाचपून पाहा. नख अडकेल इतकी घळ असेल तर फ्रेट घासून सारखे करावे लागतील, आणि माथा आधीच सपाट झाला असेल तर नवे फ्रेट घालावे लागतील. हा खर्च बेसच्या किमतीच्या मानाने मोठा असतो, म्हणून तो किमतीतून वजा करून मागायला संकोच करू नका. हिवाळ्यात किंवा एसीच्या खोलीत ठेवलेल्या बेसच्या फिंगरबोर्डच्या कडेला फ्रेटची टोके हाताला टोचतात. ती झीज नव्हे. लाकूड सुकून किंचित आकसते आणि धातू तेवढाच राहतो, एवढेच. कानशीने ती टोके अर्ध्या तासात गुळगुळीत होतात.

फिंगरबोर्डच्या लाकडाबद्दलही विचारणा होते, म्हणून एक नोंद इथेच. शिसवाच्या सगळ्या जातींवर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने आली आणि तयार वाद्यांना त्यातून नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. त्या काळात पुष्कळ उत्पादकांनी शिसवाऐवजी दुसरी लाकडे वापरायला सुरुवात केली. फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या, स्क्वायरच्या, कित्येक बेसवर ‘इंडियन लॉरेल’ असे लिहिलेले दिसते, ते लाकूड म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीत आणि डांगच्या जंगलात वाढणारे हे झाड परदेशी नाव घेऊन परत आपल्याकडे येते, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते. ऐनाचा फिंगरबोर्ड शिसवापेक्षा कमी प्रतीचा, म्हणून किंमत पाडून मागा, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. वर्षातून एकदोनदा थोडे तेल दिले की तो उत्तम राहतो.

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहा, घाई करू नका. स्क्रूने जोडलेल्या लांब नेकच्या बेसमध्ये सगळ्यात बारीक ‘जी’ (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर पटकन विझतो, बाकीचे स्वर रेंगाळतात. याला वाजवणारे ‘डेड स्पॉट’ म्हणतात. त्या कंपनसंख्येला नेक स्वतःच थरथरते आणि तारेची ऊर्जा शोषून घेते, हे त्याचे कारण. थोड्याफार प्रमाणात तो बहुतेक अशा बेसमध्ये सापडतो, त्यामुळे त्यावरून बेस नाकारू नका. पण स्वर अगदीच टक्कन मरत असेल तर खुंट्यांच्या बाजूला डोक्याला एखादा छोटा क्लॅम्प लावून तोच स्वर पुन्हा वाजवा. डोक्याचे वजन वाढले की डेड स्पॉट एखाद्या फ्रेटने सरकतो. सरकून तो कमी वापराच्या स्वरावर गेला तर काम भागते.

आता विद्युत भागाकडे येऊ. साध्या, बॅटरी नसलेल्या जॅझ बेसचे पिकअप तपासायला मल्टिमीटर पुरतो. बेसला केबल जोडा, मीटर २० किलोओहमवर ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या शेंड्याला आणि दांड्याला टोके लावा. एक पिकअप पूर्ण उघडा आणि दुसरा बंद ठेवला तर सात-आठ किलोओहमच्या आसपास आकडा येतो. दोन्ही पूर्ण उघडले तर तो जवळपास निम्मा होतो. आकडा अनंत आला तर पिकअपची तार कुठेतरी तुटली आहे. प्रिसिजन धर्तीच्या दुभंग पिकअपचा आकडा १० ते ११ किलोओहम असतो. तुमच्या बाबतीत मात्र मध्ये प्रीअँप बसवलेला असल्याने जॅकवर घेतलेले हे माप निरर्थक ठरेल. प्रीअँप बाजूला करण्याचे बटण असेल तर त्या स्थितीत माप घ्या. नसेल तर झाकण उघडलेलेच आहे, पिकअपच्या तारा जिथे प्रीअँपला जोडल्या आहेत तिथे मापा. त्याच वेळी तीन गोष्टी पाहून घ्या. बॅटरीसाठी पोकळी मूळचीच आहे की कोणी छिन्नीने लाकूड कोरून केली आहे. सोल्डरचे टाके चमकदार आहेत की करडे आणि गुठळीदार. आणि काढलेले मूळ पॉट, मूळ वायरिंग मालकाने जपून ठेवले आहे का. या तिसऱ्या गोष्टीची किंमत सगळ्यात जास्त आहे. मूळ भाग पिशवीत मिळत असतील तर मी असा बेस बेधडक घेतो. ते हरवले असतील, आणि लाकूडही कोरले असेल, तर २८,००० ही रक्कम मला जास्त वाटते.

अँपला जोडून ऐकताना तारेला हात लावल्यावर गुणगुण थांबली तर अर्थिंग बरोबर आहे. हात लावल्यावर ती वाढली तर जॅकच्या तारा उलट्या लागल्या आहेत. हे पाच मिनिटांचे काम आहे, घाबरण्यासारखे काही नाही. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडे असताना गुणगुण जाते आणि एक कमी केला की परत येते. हा दोष नसून त्या रचनेचा स्वभाव आहे. मंडपातले दिवे आणि त्यांचे डिमर यांच्यामुळे ती फारच वाढत असेल तर पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडावी. हा स्वस्त आणि परत काढता येणारा बदल आहे. इथे एक धोक्याची सूचना कळकळीने द्यायची आहे. मैदानावर जनरेटरची वीज असते आणि अर्थिंग पुष्कळदा नसतेच. अशा वेळी एका हातात तारा आणि ओठांना माइक लागला तर जबर धक्का बसू शकतो. अँपच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका, आणि पहिल्या रात्री माइकच्या जाळीला हात लावण्याआधी टेस्टर लावा.

आता तुमच्या बदलांविषयी. गरब्याच्या मैदानात बेस ऐकू येत नाही, ही तक्रार घेऊन माझ्याकडे दर भाद्रपदात वाजवणारे येतात आणि पिकअप बदलून मागतात. मी त्यांना आधी वाजवायला सांगतो, आणि बहुतेकांचे प्रीअँपचे खालच्या आवाजाचे (‘बेस’ लिहिलेले) बटण पूर्ण फिरवलेले असते. मोकळी जाड ‘ई’ (E) तार ४१ हर्ट्झची आहे. तिच्या आसपासच्या सगळ्या खालच्या पट्ट्यात ढोल बसलेला असतो, आणि मोकळ्या मैदानावर तो खालचा आवाज कुठल्या कुठे विरून जातो. कानाला बेसचा स्वर ओळखू येतो तो त्याच्या वरच्या कंपनांवरून, साधारण ४०० ते ८०० हर्ट्झच्या मधल्या पट्ट्यातून. खालचे बटण मध्यावर आणून मधला भाग किंचित उचलला, किंवा दोनपैकी एक पिकअप थोडा कमी केला, की ऐकणाऱ्याला बेस सापडतो. दोन्ही पिकअप सारखे उघडे असताना हाच मधला भाग खचतो. तुमच्याकडे प्रीअँप आहेच, तर पिकअप बदलण्याआधी एक संध्याकाळ त्याच्या बटणांना द्या.

बेसमध्ये सगळ्यात मोठा फरक पाडणारी वस्तू तारा, आणि तीच सगळ्यात स्वस्त. जुन्या, निस्तेज तारा काढून ४५ ते १०५ (इंचाचे हजारावे भाग) या जाडीचा नवा संच चढवा आणि मग व्यवस्थित सेटअप करून घ्या. ट्रस रॉडने फट बरोबर करणे, सतराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला सुमारे अडीच आणि बारीक बाजूला दोन मिलिमीटरवर आणणे, आणि शेवटी बाराव्या फ्रेटवर स्वर मिळवणे, हाच क्रम ठेवावा. उलट्या क्रमाने केले तर पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तार टेकण्याचा तुकडा, मागे घ्यावे, उतरता असेल तर पुढे. जुन्या चित्रपटगीतांसारखा गोल, आखूड ठोका हवा असेल तर सपाट गुंडाळीच्या तारा घ्या. त्या महाग असतात, पण वर्षानुवर्षे टिकतात आणि फ्रेट खात नाहीत. गरब्यात तीच ती वाक्ये तीन-तीन तास वाजवायची असतात, आणि घामाच्या हातांना त्या मऊ लागतात. मी स्वतः नऊ रात्री त्याच वापरतो. तारांची जाडी बदलली की ओढ बदलते आणि नेकची फट पुन्हा पाहावी लागते, एवढे मात्र लक्षात असू द्या.

जड ब्रिजबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. जुना पत्र्याचा ब्रिज गंजला असेल, सॅडलचे स्क्रू फिरत नसतील, तर बदला. केवळ आवाज सुधारेल म्हणून बदलाल तर निराशा होण्याची शक्यता अधिक. बदलायचाच झाला तर मूळ स्क्रूंच्या छिद्रांवर बसणाराच निवडा, नवे छिद्र पाडू नका. शिवाय बेसचे वजनही पाहा. प्रवासाच्या बॅगा मोजायच्या काट्याला बेस लटकवून वजन करता येते. साधारण ४ किलोचा बेस तीन तास खांद्यावर चालतो. साडेचारच्या वर गेला की सहाव्या-सातव्या रात्री मान आणि खांदा बोलू लागतात. त्यात जड ब्रिजची भर कशाला घालायची? पिकअप बदलणार असाल तर मापे घेऊनच मागवा, कारण जॅझ बेसमध्ये ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब असतो, आणि काही स्वस्त बेसमध्ये मात्र दोन्ही एकाच मापाचे असतात. चुकीचा मागवला की माणसे लाकूड खरवडतात, आणि खरवडलेले लाकूड परत येत नाही.

तिसरा पिकअप बसवायला पोकळी कोरणे, मोठ्या खुंट्यांसाठी डोक्याची छिद्रे मोठी करणे, फ्रेट उपटून फ्रेटलेस करणे, रंग खरवडून नवा देणे, ही सगळी कामे मी करतो आणि आनंदाने करतो. पण ती ज्याला तो बेस जन्मभर ठेवायचा आहे त्याच्यासाठी. विकायच्या बेसवर ती करून मागायला कोणी आला तर मी त्याला परत पाठवतो. याचे कारण व्यवहाराचे आहे. घेणारा माणूस त्याच मॉडेलच्या मूळ स्थितीतल्या बेसच्या भावाशी तुलना करतो. बदललेल्या बेसची अशी तुलना होत नाही, आत सोल्डर कोणी केले ही शंका राहते, आणि तुमची आवड ही त्याची आवड असतेच असे नाही. माझ्या पाहण्यात घेणाऱ्याने बदलांवर झालेल्या खर्चाच्या एक तृतीयांश रक्कमही क्वचितच दिली आहे. म्हणून विकण्याच्या वेळी बेस पुन्हा मूळ भागांवर आणावा आणि चांगले पिकअप, चांगला ब्रिज वेगळे विकावेत. सुट्या भागांना स्वतःचे गिऱ्हाईक असते, आणि ते त्यांना पूर्ण बाजारभाव देते.

नकली डोक्यांपासूनही सावध राहा. कमी किमतीच्या बेसच्या डोक्यावर मोठ्या नावाचे चिकटचित्र लावून विकणारे आपल्याकडे कमी नाहीत. अनुक्रमांक पाहा, तो उत्पादकाच्या नोंदीशी जुळतो का ते तपासा. शक्य असेल तर नेक उतरवून बुडाचा शिक्का पाहा. ‘साठच्या दशकातला जपानी फेंडर’ असे कोणी म्हटले तर तिथेच थांबा, कारण फेंडरच्या नावाने जपानमध्ये वाद्ये बनू लागली ती १९८२ पासून. तसेच प्रिसिजनचा दुभंग पिकअप १९५७ मध्ये आला, तेव्हा त्याआधीचा म्हणून दाखवलेल्या बेसवर तो मूळचा असू शकत नाही. एवढ्या दोन-तीन तारखा लक्षात असल्या तरी निम्म्या थापा उघड्या पडतात. बिल असेल तर त्याची प्रत घ्या. नसेल तर अनुक्रमांक, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या असा साधा कागद करा. चोरीच्या बेसवरून पुढे वाद झाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

विकण्याच्या वेळेविषयी तुमचा अंदाज उलटा आहे. आपल्या शहरात बेसला मागणी असते ती गणपती बसण्याच्या आसपास आणि नवरात्राच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत, कारण ऑर्केस्ट्रांच्या तालमी तेव्हा सुरू होतात. दसरा झाला की हौसेने घेतलेले बेस एकदम बाजारात येतात आणि भाव पडतात. तुम्ही दसऱ्यानंतर विकायला काढलात तर सगळ्यात वाईट वेळी विकाल. उलट तुम्हाला घ्यायचाच असेल तर दसरा ते दिवाळी हाच काळ घेणाऱ्याचा. आत्ता घेतलेला बेस पुढच्या श्रावणापर्यंत जपून ठेवता येत असेल तर तुमचे नुकसान होणार नाही. ठेवताना तारा थोड्या सैल कराव्यात, पूर्ण उतरवू नयेत. भिंतीला टेकवून किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. आणि पावसाळा लागल्यावर एकदा, थंडी पडल्यावर एकदा नेकची फट पाहून ट्रस रॉड पाव फेरा इकडे-तिकडे करावा. बॅटरी काढून ठेवा. बेसला केबल जोडून ठेवली तर प्रीअँप चालूच राहतो आणि बॅटरी संपते. संपलेली बॅटरी वर्षभर तशीच राहिली तर फुटून आतला भाग खाऊन टाकते.

विकताना फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढा. समोरून, मागून, डोके, अनुक्रमांक, पहिल्या पाच फ्रेटचा जवळून, आणि मागचे झाकण उघडून आतला. प्रत्येक ओरखडा दाखवा. जो दोष तुम्ही आधी सांगितला त्यावर घासाघीस एकदाच होते. जो त्याने शोधून काढला त्यावर व्यवहार मोडतो. अँपची सगळी बटणे मध्यावर ठेवून, कुठलाही इफेक्ट न लावता, चारही तारांवर अर्ध्या मिनिटाचे वाजवणे रेकॉर्ड करून पाठवा. सुरुवातीची किंमत तुम्हाला हव्या असलेल्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त चढी ठेवू नका, कारण फार चढ्या किमतीला गंभीर गिऱ्हाईक फोनच करत नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तरी स्वतःच्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय बेस हातातून सोडू नका. बाहेरगावी पाठवायचा असेल तर तारा एक-दोन सूर उतरवा, नेकच्या खाली आणि डोक्याच्या मागे कापडाच्या घट्ट घड्या घाला, म्हणजे खोके पडले तरी डोके हादरणार नाही. कुरियरमध्ये तुटते ते बहुतेकदा तिथेच.

या रविवारी तो बेस पाहायला जाल तेव्हा छोटा स्क्रूड्रायव्हर, अॅलन किल्ल्यांचे इंची आणि मिलिमीटरचे दोन्ही संच, मल्टिमीटर, एक व्हिजिटिंग कार्ड आणि नवी ९ व्होल्टची बॅटरी बरोबर न्या. नेकला पीळ नसेल, ट्रस रॉड फिरत असेल, आत पाण्याची खूण नसेल आणि मूळ वायरिंगची पिशवी मिळत असेल, तर २८,००० मागितले असले तरी पंचवीसला बोलून पाहा आणि साडेसव्वीसपर्यंत घ्या. पिशवी नसेल तर बावीसच्या वर जाऊ नका. ट्रस रॉडविषयी शंका राहिली तर मालकाला विचारून बेस दांडिया बाजारात घेऊन या; मी सकाळी अकरानंतर असतो, आणि तपासणीचे पैसे घेत नाही.